देवांची सोय

वादळात घरावरचे पत्रे उडाले, तेव्हापासून जळकोटची कावेरीबाई धाकट्या लेका-सुनेसोबत ताडपत्रीखाली राहत होती. बातमी कळल्यावर थोरला शिवशंकर लातूरहून गाडी घेऊन आला. आपल्याला न्यायलाच आला असणार, म्हणून तिनं दोन लुगडी पिशवीत भरली.

"आई, असं उघड्यावर ठेवणं बरं न्हाई," असं म्हणत तो देवघराच्या कोनाड्यापाशी गेला. देवांचे चांदीचे टाक त्यानं मऊ रुमालात गुंडाळले, पुढच्या सीटवर जपून ठेवले, आईच्या पाया पडला आणि निघून गेला.

धाकटी सून राजकन्या चिडली. "आत्याबाई, देव नेले अन् तुम्हाला इथंच सोडलं?"

कावेरीबाई गाडीच्या धुरळ्याकडं बघून थुंकली.



"देव खोकत न्हाईत, बाई. अन् जेवायलाबी मागत न्हाईत."