जज्जसाहेबांना दाद

जनकोजीराव दिवसा मद्रासच्या सेशन्स कोर्टात वकिली करत आणि संध्याकाळी मैलापूरच्या गाण्याच्या सभांमध्ये फिडल वाजवत. गायला असत कोर्टातलेच जज्जसाहेब. एखादी ओळ जमली की जनकोजीराव डोळे मिटून म्हणत, "भले!" मग जज्जसाहेब खूश होऊन तीच ओळ पुन्हा, आणखी खुलवून गात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

म्हणूनच नवरा खुनाच्या खटल्यात अडकला, तेव्हा शेजारच्या तुळजाबाईने दुसरा वकील बघितलाच नाही.

"अण्णा, तुमच्या फिडलावाचून जज्जांचं गाणं उभं राहत नाही," ती म्हणाली. "तुमचा शब्द ते मोडतील काय?"

"गाणं वेगळं, कोर्ट वेगळं, अम्मा," जनकोजीराव म्हणाले. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं, हा भाग निराळा.

खटला ते जीव तोडून लढले. पण निकाल आला ऐन डिसेंबरात, मैफलींच्या दिवसांत. रोज संध्याकाळी जज्जसाहेबांच्या शेजारी बसून बसून कोर्टातही जनकोजीरावांचे डोळे आपोआप मिटत होते. पिंजऱ्यात तुळजाबाईचा नवरा हात जोडून उभा होता.

जज्जसाहेबांनी निकाल वाचला, "आरोपीला मरेपर्यंत फाशी."

आवाज छान लागला होता.

"भले!" जनकोजीराव म्हणाले.



जज्जसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी घसा साफ केला आणि तीच ओळ पुन्हा घेतली, या वेळी 'मरेपर्यंत'वर जरा रेंगाळून.