शनिवारच्या सिनेमातला माणूस

सोमारीने सासूचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, पाहा. थे! थे पाहा!"

नवऱ्याचं नाव ती घेत नसे. त्यांच्या घरातली कोणतीच बाई घेत नसे. सासूला, गिरजाबाईला, नावाची गरजही पडली नाही. पडद्यावर डोक्यावर विटा घेतलेली माणसं एकामागे एक चालली होती आणि त्यांत तिचा मुलगा इसरू होता. मान जराशी डावीकडे कललेली, जन्मापासूनचीच.

"थांबवा ना जी!" सोमारी उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली. मागची पोरं ओरडली, "ओ बाई, खाली बसा!"

लोणारे सरांनी मशीन बंद केली आणि दिवा लावला.

गडचिरोलीच्या त्या कॉलेजात हिवाळाभर दर शनिवारी संध्याकाळी सिनेमा असे. शांतता, सामाजिक न्याय असे विषय. सर नागपूरहून एसटीने फिल्मच्या पेट्या आणवत. गिरजाबाई कॉलेजच्या होस्टेलात पाणी भरायची, म्हणून तिला दारात कोणी अडवलं नाही. सासू-सून सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर बसत. लढाई कोणाची, मोर्चा कशाचा, त्यांना कळत नसे. त्या फक्त माणसं पाहत. इतकी माणसं दाखवतात, त्यात आपलंही एक कधीतरी दिसेल, असं गिरजाबाईला वाटायचं. बर्फातून चाललेल्या गोऱ्या लोकांची रांगसुद्धा तिने शेवटच्या माणसापर्यंत पाहिली होती.

"मावशी, आज रशियात शोधून राह्यल्या का?" पोरं विचारत.

"पाहाले का जाते, बाबू?" ती म्हणे.

इसरू मुकादमाबरोबर कामाला गेला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बरोबरचे परतले, तो परतला नाही. कोणी म्हणे तापाने गेला, कोणी म्हणे रेल्वेत चुकला. सहा-सात वर्षं अशीच गेली. सोमारीचा भाऊ मुखरू कुरखेड्याहून दोनदा येऊन गेला. "पोरीचं वय जाऊन राह्यलं, बाई. चांगला माणूस पाह्यला हाये. पाट लावून देतो, दुसरा संसार होईल तिचा." गिरजाबाईने त्याला चहा पाजला आणि तसाच परत पाठवला. "माया पोरगा जिता हाये. जित्याच्या बायकोले पाट नसते."

दोघी सोमवार धरत होत्या. सासू महादेवाला एकच मागणं घालायची. सोमारी नुसतं पाणी वाहायची आणि हात जोडायची. तिला काय हवं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"नक्की तोच आहे का?" सरांनी जवळ येऊन विचारलं.

"थेच हायेत जी," सोमारी म्हणाली.

हॉलभर टाळ्या पडल्या. रशियावरून चेष्टा करणारा पोरगाही उभा राहून वाजवत होता. पडद्यावरचं चित्र एका जागी धरून ठेवलं तर दिव्याच्या आचेने फिल्म जळते, म्हणून सरांनी रीळ मागे घेतलं आणि पुन्हा चालवलं.

वीटभट्टीवरून सुटका झालेल्या वेठबिगारांचा तो सिनेमा होता. इसरूने विटा उतरवल्या आणि तो समोर येऊन उकिडवा बसला. मागून एक बाई आली. तिच्या कडेवरचं लेकरू खाली उतरलं आणि त्याच्या मांडीवर चढलं. विचारणारा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"अब छूट गए हो. घर जाओगे?"

इसरूने त्या बाईकडे बोट केलं. "घर तो यही है, साहब. उधर कोई नहीं. एक माँ थी, मर गई."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले.

सोमारीने सासूचा हात सोडला आणि पदर कपाळावर ओढून घेतला. गिरजाबाईने तिच्याकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात सुनेच्या कानाजवळचे केस पांढरे दिसत होते. घरात रोज समोर वावरणारी पोर. कधी पिकले, ते तिला कळलंच नव्हतं.

दिवा लागला. सरांनी घसा खाकरला. "मावशी, मी सिनेमावाल्यांना लिहितो. पत्ता मिळेल. चार लोकांनी समजावलं तर येईल तो. बायको आहे इथे त्याची."

गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "नाई जी. थो आमचा नोहे."

"पण तुमची सून तर..."

"पोर हाये, भुलली. माया पोटचा मले नाई ओळखू येनार का? दुसराच हाये कोनी. तुमचा सिनेमा मोडला, माफ करा."

मागे कोणीतरी चुकचुकलं. "जाऊ द्या मावशी, पुढच्या शनिवारी या," कोणी म्हणालं. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

दोघी घराकडे निघाल्या. घराजवळच्या विहिरीशी गिरजाबाई थांबली. तिने बादली सोडली, भरून वर ओढली आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतली. मौतीची खबर आली की तिकडे असंच, अंगावरच्या कपड्यांनी पाणी घेतात. थंडीने तिचे दात वाजू लागले.

"आत्याबाई!" सोमारी धावली. "हे का करून राह्यल्या? थे जिते हायेत. तुमी सोता पाह्यलं ना!"

"पाह्यलं ना, बाई. माया पोरगा जिता राहो. माया आयुष्य लागो त्याले." तिने बादली पुन्हा विहिरीत सोडली. "तुया नवरा गेला. ये, पानी घे अंगावर."