पहिली रेघ

कोऱ्या बर्फावरून स्कीने उतरायची पहिली रेघ टुरिडची होती, यात वाद नव्हता. डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, फ्योर्डच्या, काठापासून डोंगरमाथ्यापर्यंत गुडघाभर बर्फातून वाट तिने पाडली होती. बाकीचे तिघे तिच्या स्कीच्या खुणांवरून आरामात वर आले होते. वाट पाडणाऱ्याने आधी उतरायचं आणि मागच्यांनी त्याची रेघ न मोडता शेजारून आपापली काढायची, हे त्यांच्या गावात पोरांनाही शिकवावं लागत नाही.

"बघत काय बसलीस? हो पुढे," त्यांच्या शेजारी राहणारा म्हातारा हाल्वोर संत्रं सोलता सोलता म्हणाला.

टुरिडने चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवलेल्या चढणीच्या पट्ट्या उतरण्यासाठी ओढून काढल्या आणि जॅकेटमध्ये कोंबल्या. चढताना, शेवटच्या वळणावर, तिच्या पायाखालचा बर्फ ढुप्प करून खाली बसला होता. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी गादी टाकावी तेवढाच. पण त्याचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. वरच्या थराला खालून आधार नाही, आणि कुणा एकाच्या वजनाने अख्ख्या उताराचा बर्फ सुटून कोसळू शकतो. तिथे चढ बेताचा होता म्हणून निभावलं. समोरचा उतार मात्र चांगलाच उभा होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागून तिच्या नवऱ्याचं, योस्टाइनचं, बेसूर गाणं ऐकू येत होतं. लख्ख ऊन होतं, रात्रभर पडलेला बर्फ पिठासारखा मऊ होता. असा दिवस हिवाळ्यात एखादाच मिळतो. त्या आनंदावर विरजण घालायला तिची जीभ रेटेना.

"माझे पाय भरून आलेत," ती आता म्हणाली. "तुमच्यापैकी कुणीतरी जा."

एरवी यावर झुंबड उडाली असती. पहिल्या रेघेसाठी योस्टाइनने सख्ख्या बायकोलाही कोपराने बाजूला सारलेलं होतं. आज तो बुटाचा पट्टा घट्ट करत बसला.

"हाल्वोरकाका, तुम्ही जा. वयाचा मान."

"मान घरी दे रे. हा गुडघा सकाळपासून बोंबलतोय. मी आपला शेवटी येतो, सावकाश."

"मग निदान अर्ध्यापर्यंत तरी..."

"तू जा की. तू काय म्हातारा झालास?"

ताटलीतल्या शेवटच्या वडीसारखी ती रेघ एकमेकांकडे सरकू लागली. इतकी वर्षं टुरिड, योस्टाइन आणि हाल्वोर एकत्र चढत होते. इतके सभ्य ते कधीच नव्हते.

"पाहुण्याला देऊ या!" योस्टाइन एकदम म्हणाला.

पाहुणा म्हणजे आस्गर, टुरिडच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो डेन्मार्कचा. डेन्मार्क पडला सपाट, त्यामुळे लग्नापासून बिचारा टोमणे खात आला होता.

"मला? खरंच?"

"मग काय! तुमच्याकडे चढायला असतं काय? जिने!" हाल्वोरने संत्र्याच्या फोडी त्याच्या हातावर ठेवल्या. "जा लेका. बायकोला सांगशील."

आस्गरने टुरिडकडे पाहिलं. "ताई, चालेल ना तुला? रेघ तुझी आहे."

तिने होकारार्थी मान हलवली. ती कशी हलली ते तिचं तिलाही कळलं नाही. आस्गरने तिला घट्ट मिठी मारली. "आजपर्यंत तुमच्या मागून उतरलो," तो तिच्या कानाशी म्हणाला. "आज घरचा झालो."

तो कडेशी गेला. त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला, काठ्या रोवल्या. स्कीची टोकं कडेबाहेर आली. खाली सगळं पांढरं, गुळगुळीत, गप्प होतं. कुठे चीर नाही, काही नाही. खाली घरात बहीण आत्ता मासे साफ करत असेल, तिला आपण काय सांगणार, एवढं एकच टुरिडच्या डोक्यात घुमत होतं.

"थांब!"

आस्गरने मागे वळून पाहिलं आणि तो खदखदून हसला. "सोडवत नाही ना?" तो स्की मागे घेत बाजूला सरकला आणि त्याने कमरेत वाकून जागा करून दिली. "ये, ताई. तुझीच आहे ती."

"हाव सुटत नाही हिची!" योस्टाइन हसला. जरा जास्तच मोठ्याने हसला.

आता पुन्हा पाय दुखतात म्हणता आलं असतं. टुरिड जागची हलली नाही.

"मी ऐकलंय," ती म्हणाली. "चढताना. पायाखालचं सगळं बसलं. मला भीती वाटतेय."

योस्टाइनचं हसणं थांबलं.

"मीपण," तो म्हणाला. "तुझ्या आधी. झाडं संपतात तिथेच."

दोघांनी हाल्वोरकडे पाहिलं. त्याने फक्त परतीच्या वाटेकडे तोंड केलं आणि स्कीत बूट अडकवले. चढणीच्या पट्ट्या त्याने काढल्याच नव्हत्या.

आस्गरने चष्मा कपाळावर सरकवला. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं तो पाहत राहिला. मघाचं हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

"मग मला का पाठवत होतात?" त्याने विचारलं.