मोटारीखालचं सारवण

"व्याही यायचे आहेत आज, अन् अंगणात तेल! सारव बाई," सासरे कुरकुरले. त्या घरी माणूस मळका चाले, अंगण नाही. गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना सासऱ्यांना विकलेल्या दोन सीटांच्या रेसच्या मोटारीखाली थोरली सून धुरपता रोज सारवायची. गेल्या साली ब्रेक लागला नाही. मोटार नाल्यात पडून तिचा नवरा मेला. मिस्त्रीनं चाक खोललं; ब्रेक तेलानं माखलेला. "खाली डाग पडत नव्हता काय?" त्यानं विचारलं. शिव्या मिस्त्रीनंच खाल्ल्या. आज दुरुस्त मोटारीत धाकटा दीर बसला, गोंदियाहून व्याह्यांना आणायला. धुरपता वाकली. तेल त्याच चाकाखाली होतं. तिनं शेणाची बादली मोटारीपुढं आदळली. "उतरा, भाऊजी!" "सारव म्हटलं ना!" सासरे गरजले. "डाग रोज पडे, मामाजी. तुम्ही सारवायले लावलं, मी सारवलं. आपण दोघांनी मारलं त्यायले."