दोर

नुकतंच लायसन्स मिळालेल्या वरदने पुण्याहून भाड्याने आणलेली बुटकी गाडी वेल्ह्याच्या पुढे चिखलाच्या वाटेत घातली आणि रुतवली. शेतातून आलेला गोरख म्हणाला, “टॅक्टर आणतो. गाडी न्यूट्रलमदी ठेवा. दोर बांधला की वढतो.”

धुक्यात समोरचं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने हिसका बसला आणि चाकं सुटली. शेजारी बसलेल्या सृष्टीने टाळ्या वाजवल्या.

गाडी पुढे जातच राहिली. ट्रॅक्टरचा आवाज मात्र कुठेच नव्हता. वरदने ब्रेक दाबून धरला, तरी गाडी फरपटत निघाली. दारं उघडेनात.

काचेवर थाप पडली. खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलेला गोरख धापा टाकत शेजारून पळत होता.

“आवो, थांबा की! दोर बांधायचा हाय अजून!”