ताकदीच्या गोळ्या

"हिला कुठलं औषध चालू आहे का?" डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"छे हो, औषध कसलं," आई म्हणाली. "ताकदीच्या गोळ्या तेवढ्या देते. आमचे हे औषधाच्या दुकानातच असतात, त्यामुळे चांगल्यातल्या मिळतात." आणि तिनं नवऱ्याकडे जरा कौतुकानंच पाहिलं.

नवरा, म्हणजे भिंगरीचा बाप, खुर्चीच्या कडेला टेकला होता. पंधरा वर्षं काउंटरवर काढलेला माणूस. कुणी नुसती खोकल्याची बाटली मागितली तरी हा विचारणार, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" गिऱ्हाइकं वैतागायची. तो म्हणायचा, नंतर पस्तावण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. आज त्यालाच कुणी तेच विचारत होतं आणि तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

भिंगरी तेरा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलेलं, पण पंधरा दिवसांपासून घरातल्या घरात दारांना धडकत होती. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे आता तिला समोरचं सगळंच धूसर होतं. तरी तिनं मान बरोबर बापाकडे वळवली.

"स्कॅनमध्ये गाठ नाही, हे चांगलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय. त्यानं डोळ्यांमागच्या नसा सुजल्यात. डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. दाब उतरवता येईल, पण कारण सापडलं नाही तर तो पुन्हा चढेल आणि उरलेली नजरही जाईल. म्हणून खोदून खोदून विचारतेय. मुलांमध्ये कधी कधी एखाद्या साध्या औषधानंही असं होतं."

"डोकं दुखायला लागलं ना हिचं, तेव्हा मला वाटलं अशक्तपणा आहे," आई म्हणाली. "खाणं चिमणीएवढं. मग मी एकाच्या दोन गोळ्या केल्या. महिना झाला." तिनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. "बघा ना, सगळं लिहिलंय वर."

मागच्या महिन्यात बाटली लवकर रिकामी झाली होती. बापानं ते पाहिलं होतं, आणि काही न विचारता पुन्हा भरली होती.

बाटली ताकदीच्या गोळ्यांची, पण आत त्या नव्हत्याच. लेकीच्या चेहऱ्यावर पुरळ आलं, तशी शाळेतली पोरं तिला "खडीचा रस्ता" म्हणायला लागली. आई म्हणायची, वयात येताना येतंच, त्याला काय औषध करायचं. भिंगरी आरशासमोर उभी राहून रडायची. बापाला ते बघवेना. पुरळावरच्या गोळ्या त्याच्या हातातून रोज जायच्या, कुणाला काही झाल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. ना डॉक्टर, ना चिठ्ठी. रंगानं दोन्ही पिवळ्याच, म्हणून त्यानं एक बाटली रिकामी केली आणि त्या भरल्या. बायकोशी वाद नको, एवढाच हिशेब. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लेकीला बजावलं, आईजवळ बोलू नकोस. ती आजवर बोलली नव्हती. नजर चालली होती, तरी आत्ताही बोलत नव्हती.

डॉक्टरबाईंनी बाटलीवरचं वाचलं. "ह्यानं नाही व्हायचं," त्या म्हणाल्या आणि बाटली बाजूला सरकवली.

आता गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"त्यात त्या गोळ्या नाहीत," बाप म्हणाला. "पुरळावरच्या आहेत. मीच भरल्या. चार महिने झाले."

डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. "ह्यानं होतं. आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "आणि हिला लगेच दाखल करा. पाठीत सुई घालून दाब मोजावा लागेल."

"नजर परत येईल ना?"

"सूज उतरेल. गेलेलं किती परत येईल, ते आज कुणी सांगू शकत नाही."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं चारचौघांत वाभाडे काढले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती टेबलाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आजच्या दोन्ही दिल्यात मी, सकाळीच. नको म्हणत होती, तर रागावून दिल्या."

ती कागद घेऊन दाखल करायच्या खिडकीकडे गेली. बाप भिंगरीचा हात धरून बाहेर आला. व्हरांड्यात हात धुवायच्या बेसिनवर एक छोटा आरसा होता. भिंगरी तिथं थांबली. नाक काचेला लागेल इतकी पुढे झाली. मग बोटांनी आपले गाल चाचपत राहिली.

"बाबा, डाग गेले का सगळे?"

गेले होते. चेहरा लहानपणी होता तसा स्वच्छ झाला होता.

"गेले," तो म्हणाला.

"मला दिसत नाहीये," ती म्हणाली. "थेंबांमुळेच ना?"