उलटा ससाणा

"धाकट्याच्या ढालीवरचा ससाणा उलटा कोरायचा," राजाच्या अंमलदाराने पाथरवटाला बजावले. "राजद्रोह्याचं चिन्ह तसंच कोरतात."

लेडी अ‍ॅव्हिस शेजारीच उभी होती. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर उमरावांच्या रीतीप्रमाणे वंशावळ दगडात घडत होती. वर निजलेले पतिपत्नी, तिची मूर्ती जिवंतपणीच घडवलेली. खाली ओळीने तीन मुलगे. आईबापांसह पाचही जणांच्या ढालींवर घराण्याचा ससाणा कोरणे तेवढे उरले होते. थोरले दोघे राजाच्या लढायांत कामी आले होते. धाकट्याने राजाविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याचे शिर उडवले गेले.

"धाकट्याचं नाक छान साधलंस रे, थर्स्टन," ती पाथरवटाला म्हणाली. "थेट बापाचं, पोपटाच्या चोचीसारखं."

"पण बाईसाहेब, ससाण्याचं काय करू?"

"हुकूम आहे ना? कोर उलटा." अंमलदाराने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ती पुढे म्हणाली, "मग सगळ्यांचेच उलटे कोर."

"शुद्धीवर आहात का?" अंमलदार ओरडला. "सगळं घराणंच द्रोही ठरेल. गढी जप्त होईल. या वयात जाल कुठे?"

ते तिलाही ठाऊक नव्हते. गुडघे थंडीने ठणकत होते आणि गढीतल्या शेकोटीची ओढ तिला होतीच. पण मुलाला भावांच्या ओळीत एकटे पाडणे तिला जमणारे नव्हते.

"कुठे जायचं ते मी बघीन," ती म्हणाली आणि तिने छिन्नी उचलून थर्स्टनच्या हातात दिली. "माझ्या ढालीपासून सुरुवात कर."